डिकीवरची अक्षरं

“आता हे कुणाला पटायचं न्हाई,” किशनरावानं बशीतल्या चहावर फुंकर मारली, “पण गेलेला रंग परत येतो. नुसता रंग न्हाई, ज्यानं लावला त्या माणसाचा हातबी संगं येतो.”

बोरीच्या स्टँडवरल्या हॉटेलात पाच-सहा माणसं कान टवकारून बसली. समोर लिंबाखाली लाल मारुती उभी होती, अशी चकाकत की वळणारी येष्टी तिच्या बॉनेटात दिसत होती.

गाडी सिद्धोधन गुरुजींची. गुरुजी शाळेत चित्रकला शिकवायचे. ते वारल्यावर गाडीनं सहा उन्हाळे अंगणात काढले. लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा खडूसारखा पांढुरका. आता रविवारी त्यांच्या लेकीचं, धम्मशीलाचं लग्न. नवरी बापाच्या गाडीतूनच परभणीच्या हॉलवर जाईल, असा तिच्या आईचा, सत्यशीलाबाईंचा हट्ट. किशनराव गुरुजींचा जुना दोस्त. गाडीची रया मीच परत आणतो म्हणून त्यानं चावी मागून घेतली होती.

चावी देताना बाईंनी एकच अट घातली. डिकीवर पांढऱ्या रंगात, हातानं लिहिलेलं होतं: ‘भवतु सब्ब मंगलं’. बाई म्हणाल्या, “भावजी, बाकी काय करायचं ते करा. त्या अक्षरांना तेवढं हात लावू नका.”

“वैनी, डोळ्यातल्या बाहुलीवानी जपतो,” किशनराव म्हणाला होता.

अन् बॉनेट, दारं त्यानं खरंच जिवापाड केली. परभणीहून रंग घासून उजळवायच्या कंपाउंडचा डबा आणला, स्वतःच्या अंगणात गाडी लावून दोन दिवस घासली. फडकं लाल व्हायचं अन् मेलेल्या थराखालून जुना लाल वर यायचा. एवढं शंभर टक्के खरं. तिथंच थांबला असता तर आज बढाई मारायची पाळी आली नसती.

पण तिसऱ्या दिवशी अंगणात माणसं जमली, अन् माणसं जमली की किशनरावाच्या जिभेला धरबंद राहत नाही. डिकीवर लिंबाचा चीक वाळलेला होता. तेवढा डाग काढायला म्हणून त्यानं सुताराकडचा पॉलिश पेपर घेतला, अन् घासता घासता एका जहागीरदाराच्या मोटारीची गोष्ट काढली. मोटार विहिरीत पडते, तीन दिवस बुडून राहते, अन् चौथ्या दिवशी ड्रायव्हर हुक्का ओढत वर येतो, हुक्का पेटलेलाच. तोंड लोकांकडं, हात डिकीवर. गोष्ट संपली, माणसं हसत घरी गेली, तेव्हा किशनरावानं खाली पाहिलं. चीक गेला होता. अक्षरंही गेली होती. उघडा पत्रा त्याच्याकडं बघत होता.

तो किती तरी वेळ उकिडवा बसून राहिला. बाईंच्या दारात जाऊन सांगून टाकावं म्हणून दोनदा उठला, दोनदा बसला. तिसऱ्यांदा उठला तो गोठ्याकडं वळला. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेल्या लाल रंगाची डबी वळचणीला खोचलेली होती. त्या लालानं पत्रा झाकला, दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळीच, पांढऱ्यानं आठवतील तशी अक्षरं काढली. बैल दावणीला रवंथ करत होता. त्याच्या शिंगांकडं काही किशनरावाला बघवलं नाही.

“पण किशनराव,” हॉटेलातला दिनकरराव मान वाकडी करून म्हणाला, “डिकीचा लाल जरा येगळाच दिसायलाय. बैलाच्या शिंगावानी.”

माणसं खुसखुसली. किशनरावानं बशीत आणखी चहा ओतला. तेवढ्यात गाडीपाशी ऑटो थांबला अन् सत्यशीलाबाई उतरल्या. गाडी न्यायला आल्या होत्या. बाईंनी पदर सावरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, अन् डिकीपाशी येऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. बोट पहिल्या अक्षरावरून शेवटच्यापर्यंत गेलं, पुन्हा मागं आलं.

“लय चांगली झालीया गाडी, भावजी,” त्या म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते बोलणं जास्त लागलं. जमीन दुभंगावी असं किशनरावाला वाटलं. आता तरी बोलावं, खरं काय ते एका दमात सांगावं. पण सगळे त्याच्याकडं बघत होते, अन् शरमेनं भरलेलं तोंड उघडलं की त्यातून खोटंच आधी बाहेर पडतं.

“तेच सांगायलो ना ह्यांना,” तो म्हणाला. नजर मात्र बशीत. “कंपाउंड बाजूनं फिरवलं, अन् अक्षरं आपसूक उजळली. गुरुजींचा हातच तो. मला तर तो दिवस जसाच्या तसा दिसला. गाडी नवी आणलेली. गुरुजी इथं, असे गुडघ्यावर बसलेले. उजव्या हातात ब्रश. दम धरून एकेक अक्षर काढायलेत, अन् रंगाची डबी धरून बाजूला मी. आठवतंय ना, वैनी?”

बाईंनी बोटाकडं पाहिलं. बोटाला पांढरा रंग लागला होता. तो त्यांनी पदराला पुसला.

“भावजी, गाडी आणली तवा ह्यांचा उजवा हात प्लास्टरात होता,” त्या हळूच म्हणाल्या. “डबी ह्यांनी धरली होती, डाव्या हातानं. अक्षरं मी लिहिली होती. अन् ही माझी न्हाईत.”