कडूबाईचा बैल

"आश्रुबा भाऊ, बैल काई खाईना झालाय वं!"

वालूरच्या त्या गल्लीतली ही हाक आश्रुबाच्या कानात म्हातारपणीही तशीच होती. कुंपणापलीकडून आलेली, थोडी दबकी, जणू हाक मारणारीलाच ती ऐकू जाऊ नये. निजामाचं राज्य अजून चालू होतं तेव्हाची गोष्ट. आश्रुबा गुरांची औषधं करायचा. पोट फुगलेल्या, शिणलेल्या बैलाला भांगेचा पाला, गूळ, मिरी यांची गोळी द्यायचा. पाला सेलूच्या परवान्याच्या दुकानातून आणायचा, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत.

हाक मारली होती कडूबाईनं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळ मोकळं. आणि तिच्या गोठ्यात बैल नव्हता. पाडव्यालाच तिनं तो विकला होता. दावण रिकामी होती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक.

"भावाचा हाय, पेडगावचा," ती घाईनं म्हणाली. "रातभर तळमळतो. डोळ्याला डोळा न्हाई."

आश्रुबानं तिच्याकडे पाहिलं. गालफडं बसलेली. डावा हात अंगाशी धरलेला, पदराखाली.

"केवढा हाय बैल?"

"हाडकुळा."

"वय?"

"पन्नाशीला आला आसंल," ती बोलून गेली आणि तोंडावर पदर घेतला.

आश्रुबा हसला नाही. माळकरणीनं भांग मागायची कशी, हे त्याला कळत होतं. "मग बेतानं द्यावं लागंल," एवढंच तो म्हणाला.

त्यानं पाला फडक्यात बांधला, हिरवं पाणी निथळून स्वच्छ येईस्तोवर धुतला, सावलीत वाळवला आणि तुपावर परतला. त्याची बायको धुरपदाबाई चुलीपाशी बसून बघत होती.

"बैलाला तूप? कोन्या राजाचा म्हनायचा ह्यो बैल? मला सणाला तूप बोटावर देता."

"तू गप ऱ्हा."

"गपच हाय मी. साऱ्या गल्लीत मीच तेवढी गप हाय," ती म्हणाली आणि डब्यातलं आणखी थोडं तूप तिनंच कढईत सोडलं.

हरभऱ्याएवढ्या गोळ्या झाल्या. मग दर आठवड्याला कुंपणाशी तेच बोलणं.

"बैल झोपायलाय का?"

"झोपतो."

"भाकर... वैरण खातो?"

"अर्धी खातो. परवा पिठलं बी खाल्लं."

पारावर मात्र भांगेवरून वाद रंगायचा. दिनकरराव मुनशी म्हणायचे, "हकीम भांगेचं माजूम देतात, वैद्य देतात. दवा हाय ती."

आबासाहेब काठी आपटायचे. "नशा ती नशा! आज दुखण्याला, उद्या सवयीला. कोन मोजतंय?"

"पोट फाटाय लागल्यावर इचारतो तुमाला," दिनकरराव म्हणायचे आणि पार हसायचा.

एकदा कुणीतरी आश्रुबालाच विचारलं. तो म्हणाला, "दुखणं कमी झाल्यालं म्या बगितलंय. आजार गेल्याला न्हाई बगितला." समोरून पाण्याला चाललेली कडूबाई क्षणभर थांबली, माळेवर हात ठेवला, आणि पुढं गेली.

आषाढात तिचं जातं पुन्हा फिरू लागलं. पहाटे कुंपणापलीकडून ओवी आली:

दुखणं माझं बाई, पदराच्या आत गं
शेजी पुसे काय झालं, म्हणते झाला वात गं

आश्रुबाला बरं वाटलं. आपल्या हाताला गुण आहे, असंही वाटलं. त्यानं त्या ओवीचा अर्थ लावला नाही.

चार दिवसांनी सकाळी तिचा भाऊ मुंजाजी पेडगावहून गाडी जुंपून आला, आणि तासाभरात रिकाम्या गाडीनंच निघाला. आश्रुबाच्या दारात बैलांना पाणी पाजायला थांबला.

"परभणीला बाई डॉक्टर आलीया. दोन सांगावे धाडले ताईला. आता म्हनती, उतार पडलाय, कशाला येऊ? काखेत गाठ हाय तिच्या. आधी सुपारीयेवढी व्हती. आता बघू बी देत न्हाई."

आश्रुबाच्या हातातली बादली खाली टेकली.

"गाडी सोडू नगंस," तो म्हणाला आणि कुंपण वळसा न घेता ओलांडून गेला.

कडूबाई जोत्यावर तांदूळ निवडत होती. त्याला बघून सावरून बसली. "बैल बरा हाय बरं का भाऊ."

"आज बैलाचं न्हाई बोलायचं, कडूबाई."

तिचे हात सुपातच थांबले.

"ह्या पाल्यानं झोप येती, घास गोड लागतो. दुखणं निजतं, पर जात न्हाई. गाठ आतल्या आत वाढती. हे म्या पयल्याच दिशी सांगायचं व्हतं. तुमची लाज राखाया गेलो, आन् तुमी बरं वाटतंय म्हून घरी बसलाव."

रस्त्यावर मुंजाजीच्या बैलांनी मान हलवली, घुंगरं वाजली.

"तिथं इचारतील, काय खाल्लं. काय सांगू? माळ हाय गळ्यात."

"खरं सांगा. किती, कवापासून, सगळं. त्या बाईला ते कळायलाच पायजे. देव कशाला रागवंल? पांडुरंगाला काय दुखणं ठाऊक न्हाई?"

तिनं सूप बाजूला सारलं. पदर नीट केला, पुन्हा केला. मग उजव्या हातानं डावा खांदा धरून, खाली बघत, कुंपणाशी कधी काढला नव्हता त्या आवाजात ती म्हणाली,

"शिमग्यापसून हाय. डाव्या अंगाला. मला लय दुखतंय, आश्रुबा भाऊ. मला."