चारशे बारा कमी

"जुन्यात अकरा हजार सहाशे चाळीस, नव्यात अकरा हजार दोनशे अठ्ठावीस. मग चारशे बारा गेले कुठं?" ऑपरेटरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"गेले नाहीत हो मॅडम, काढले," नव्या कंपनीची इंजिनियर मुलगी म्हणाली. ती इतक्या गोड आवाजात बोलत होती की बाईंना भांडायलाही जागा सापडेना. "डबल एंट्र्या होत्या. तेच नाव, तीच जन्मतारीख. नवी सिस्टीम असं दोनदा ठेवत नाही. तुम्ही इथं सही केलीत की चार वाजता जुनं मशीन बंद. खाली टेम्पो येऊन थांबलाय."

बाईंनी कागद घेतला. 'सर्व नोंदी बरोबर आल्या आहेत' असं छापलेलं, खाली सहीची रेघ.

लहानमोठ्या, वाकड्या, अधू पायांसाठी बूट बनवणारा तो कारखाना. प्रत्येक पायाचा लाकडी साचा मागच्या रॅकवर, आणि साच्यावर नुसता नंबर. कोणता नंबर कुणाचा, हे एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं: काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणाऱ्या, दिवसभर पंखा घरघरत ठेवणाऱ्या या कपाटाएवढ्या मशीनमध्ये. त्याच्यासमोर बाई चोवीस वर्षं बसत आल्या होत्या.

डबल एंट्री? आपल्या हातून? आणि तीही चारशे बारा वेळा?

एरवी त्यांनी त्या मुलीला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. पण गेल्याच आठवड्यात लेक म्हणाली होती, "आई, तू हल्ली एकच गोष्ट दोन-दोनदा सांगतेस गं." जावई तेव्हा मान खाली घालून जेवत राहिला. लेकीच्या बोलण्यापेक्षा ती खाली घातलेली मान बाईंना जास्त लागली होती. इथंही तसंच होत असेल का? बोटं आपली चालत राहिली आणि डोक्याला पत्ताच नाही?

साहेब दारातून डोकावले. "काय बाई, झाली का सही?"

"साहेब, आकडा जुळत नाहीये."

"अहो, जुळतोय म्हणतायत ना ते! कशाला जिवाला लावून घेता? दोन वर्षांत रिटायर व्हायचं तुम्हाला."

बाई पेन तसंच ठेवून पाणी प्यायला बाहेर आल्या. समोरच्या बाकावर मिस्त्री एका चिमुरडीचा पाय मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी तिची आई.

"हलू नकोस गं, नाहीतर बुटातला उंदीर चावेल."

"बुटात उंदीर नसतोच."

"तू पाहिलायस का आत?"

"तुम्ही पाहिलाय का?"

मिस्त्री हरले. त्यांनी उजवा पाय साच्याला लावून पाहिला, खडूने खूण केली आणि उठायला लागले.

"आणि डाव्याचा साचा?" आईनं विचारलं.

"चिठ्ठीवर एकच नंबर आहे, ताई. नव्या कॉम्प्युटरची चिठ्ठी आहे. याच्यावरच दोन्ही करायचे असतील."

"अहो, असं कसं? डावा बघा ना तिचा! त्याच्यासाठीच तर येतो आम्ही."

बाईंच्या हातातला पेला तोंडापर्यंत पोचलाच नाही. सैल मोज्यातलं ते डावं पाऊल अधांतरी लोंबत होतं. आखूड, बोटं आत वळलेली, कुणीतरी हातात घ्यावं म्हणून वाट बघत असल्यासारखं.

जुन्या पडद्यावर एकाच मापाची जागा होती. म्हणून दोन पाय वेगळे असले की बाई दोन नोंदी करत. नाव तेच, तारीख तीच. विषम नंबर डाव्याचा, सम उजव्याचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुठं लिहून ठेवलेलंही नव्हतं. एक माणूस दोनदा भरलात का, असं विचारलं तर त्या नाहीच म्हणणार. माणूस कुठं भरला होता? पाय भरले होते.

त्या आत आल्या. "मुली, तू पाय काढलेस."

"काय?"

"डावे पाय. चारशे बारा."

समजावून सांगताना त्यांचंच वाक्य दोनदा अडकलं. मुलीनं चार-पाच नंबर उघडून पाहिले आणि ती मटकन खुर्चीत बसली. "मॅडम, हे आधी का नाही सांगितलंत?"

"पहिल्या दिवशी तू एवढंच विचारलंस, डबल आहेत का. नव्हते गं."

"आमच्याकडे आता फक्त साफ केलेली फाइल आहे." तिनं कपाळ चोळलं. "मग चूक कुणाची म्हणायची ही?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. मग त्या जुन्या पडद्यासमोर जाऊन बसल्या.

साहेब आले, घड्याळ बघत. "बाई, खाली माणसं खोळंबलीत."

"त्यांना बसायला सांगा. मी यादी काढतेय."

"उद्या नाही का—"

"उद्या मशीन कुठं आहे, साहेब?"

साहेबांनी जिन्यातून खाली हाक मारली. हमाल वर येऊन जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. जुना प्रिंटर करकरत चारशे बारा ओळी काढत राहिला, आणि बाई प्रत्येक ओळीवर बोट ठेवत गेल्या. चिमुरडीची ओळ आली तेव्हा तिचा नंबर त्यांनी स्वतः मिस्त्रींना नेऊन दिला. मग त्यांनी सही केली. सहीच्या वर पेनानं लिहिलं: 'डाव्या पायांच्या चारशे बारा नोंदी हाताने भरणे बाकी.'

सव्वापाचला इंजिनियर मुलीनं मशीन बंद केलं. आतला पंखा हळूहळू मंदावला आणि थांबला. हमालांनी मशीन उचललं.

"जिन्यात वळण आहे, सांभाळून!" बाई म्हणाल्या.

सगळे दचकले. पुढच्या हमालाचा हात सुटता सुटता राहिला. "अहो बाई, ओरडताय कशाला?"

"मी कुठं ओरडले?" हेही तेवढ्याच मोठ्यानं बाहेर पडलं.

पंख्याच्या घरघरीवरून बोलायची इतक्या वर्षांची सवय. त्यांनी तोंडावर हात ठेवला. हमाल वळणापाशी पोचले तसं त्यांना पुन्हा सांगायचं होतं. पण किती हळू बोलायचं, तेच त्यांना कळेना.