कुंडीतला ओरेगॅनो

"घे, वास घे," म्हणत त्याने चुरगळलेलं पान तिच्या नाकाशी धरलं.

ड्यूटीवरून येऊन ती चपलासुद्धा न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. वॉर्डात पेशंट मावत नव्हते, नर्सेस पुरत नव्हत्या. पायांचे नुसते तुकडे पडले होते.

"येतोय ना?"

"येतोय. छान येतोय," डोळे न उघडताच ती म्हणाली.

तो खूश होऊन गॅलरीत गेला. एका मोठ्या हॉटेलात तो इटालियन स्वयंपाक करायचा. तापाचं दुखणं झालं आणि वास येणं बंद झालं ते झालंच. हॉटेलवाल्यांनी त्याला भटारखान्यातून काढून गोदामात बसवलं. तेव्हापासून गॅलरीत कुंड्या आल्या. बेसिल, रोजमेरी, ओरेगॅनो, सगळा इटालियन स्वयंपाकातला वासाचा पाला. रोज पानं चुरगळायची, हुंगायची. कधीतरी नाक उघडेल म्हणून. तोवर तिचं नाक उसनं घ्यायचं.

पुढे त्याने मोठ्या शेफला सांगून टाकलं, "वास यायला लागलाय, साहेब. एकदा घरी जेवायला या." आणि तिला म्हणाला, "तू आहेस ना. निभावून नेऊ."

सुट्टीच्या दुपारी शेफ आला. पास्त्याचे दोन घास खाऊन थांबला. "छान झालंय. ओरेगॅनो मात्र विसरलास."

"भरपूर घातलाय की! घरचा आहे, ताजा."

शेफ उठून गॅलरीत गेला. कुंडीतलं पान खुडलं, चोळलं, नाकाशी नेलं. पुन्हा चोळलं.

"अरे, हे तण आहे. बी कधीच मेलं असणार." मग एकदम हळू आवाजात, "तुला वास नाही आला?"

ओरेगॅनो त्याने जन्मभर बरणीतला, वाळलेलाच पाहिला होता.

शेफ भला माणूस. ताटातलं सगळं संपवून उठला. "गोदामातही भरवशाचा माणूस लागतोच रे," म्हणाला. "येतो, वहिनी."

दार लागल्यावर तिला राहवलं नाही. "माझ्यामुळे झालं. मी वास घेतच नव्हते. दमलेली असायचे, नुसती हो ला हो करायचे."

"माहीत होतं," तो ताटं उचलत म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तू हो म्हणालीस की रात्री झोप लागायची मला."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. सांत्वनाचे शब्द दिवसभर वॉर्डात वाटून संपवायची तिला सवय होती. आज सुट्टी होती, तरी एकही शिल्लक नव्हता.

पुढे कित्येक दिवस त्याने चूल पेटवली नाही. गोदामातून यायचा, तिने रांधलेलं मुकाट खायचा. कुंड्यांना पाणी घालायचा तेवढं.

मग एका संध्याकाळी ती कामावरून आली तर पास्ता तयार. त्याने ताट तिच्यापुढे ठेवलं आणि पाठ वळवून भांडी घासायला लागला. कसं झालंय, विचारलंसुद्धा नाही.

तिने घास घेतला. डोळ्यांवर झापड होती, 'छान' ओठांवर तयारच होतं. तिने ते गिळलं. घास सावकाश चावला.

"लसूण करपलाय," ती म्हणाली. "आणि बेसिल फार आधी टाकलंत. कडवट लागतंय."

नळ बंद झाला. तो वळला. तिला वाटलं, आता दुखावला.

पण तो पंच्याने हात पुसत जवळ आला. पाठ ताठ, मान किंचित खाली, टेबलावरचं गिऱ्हाईक तक्रार करतं तेव्हा उभा राहत असेल तसा. त्याने तिच्यापुढचं ताट अदबीने उचललं.

"बसा. दुसरं करून आणतो."

पोटात भूक होती, अंग मोडून आलं होतं. तरी ती बसून राहिली. तो लसूण सोलायला लागला.