चावायला लागलेलं अंजीर

आत्याचा धंदा दातांचा. म्हणजे दात उपटायचा नव्हे, ते काम डॉक्टरांचं. आत्या कवळ्या बनवायची. घराच्या मागच्या खोलीत एक लांबलचक टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले आणि त्यांच्या मधोमध आत्याचा चहाचा कप. पाहुणे एकदा चुकून त्या खोलीत डोकावले की पुन्हा जेवायला थांबत नसत. खारूला मात्र त्याचं काही म्हणजे काही वाटायचं नाही. ती पंधरा वर्षांची, शाळेसाठी आत्याकडे राहायची आणि गणितं त्याच टेबलावर, त्या सगळ्यांच्या साक्षीने चुकवायची.

बाल्कनीत कुंडीत अंजिराचं झाड होतं. जात एकदम खानदानी: ‘काळी मखमल’. झाड आत्याचं होतं की नव्हतं, हाच तर सगळा वाद होता.

त्याची काडी दिली होती वरच्या मजल्यावरच्या पाणचटकाकांनी. काकांनी तीस वर्षं एका कंपनीत चहा चाखला. घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, थुंकायचा, पगार त्याचाच. निवृत्त झाल्यावर थुंकणं काकूंनी बंद पाडलं, चाखणं मात्र कुणाला बंद पाडता आलं नाही. काहीही खायला द्या, काका छताकडे बघत विचार करायचे आणि म्हणायचे, "पाणचट." एकदा मधालासुद्धा म्हणाले होते.

काडी देतानाच त्यांनी अट घातली होती. "बाई, तीन उन्हाळे देतो. तेवढ्यात खाण्याजोगं फळ दाखवलंत तर झाड तुमचं. नाहीतर कुंडीसकट वर." आत्या हसत हो म्हणाली होती. मग काकांचं स्वतःचं झाड वाळून गेलं आणि काका जिन्यात भेटले की उन्हाळे मोठ्याने मोजायला लागले. आत्याचं हसणं तिथंच संपलं.

पहिल्या उन्हाळ्यात वाटाण्याएवढी पाच फळं धरली आणि पाचही गळली. दुसऱ्या उन्हाळ्यात एकच टिकलं. आत्याने दिवस मोजून, कॅलेंडरवर खूण करून, अगदी ठरल्या दिवशी ते तोडलं. तोडल्यावर अंजीर पुढे पिकत नाही, हे तिला तोडल्यावर कळलं. काकांनी ते बराच वेळ चावलं.

"पाणचट," ते म्हणाले. "आणि चावायला लागलं. पिकलेल्या अंजिराला दात लागत नाहीत, बाई. दात लागले की समजायचं, कच्चं."

ते दातही आत्यानेच बनवलेले होते, त्यामुळे तिला दोन्हीकडून लागलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा एकच फळ. देठाजवळ त्याला एक बारीकसा चट्टा. आत्या त्याला डोळ्यांत तेल घालून जपत होती आणि तिच्याइतकंच मन लावून एक बुलबुलही त्याच्याकडे बघत होता.

"त्याला शिकवायला हवं," आत्या म्हणाली.

"कुणाला? बुलबुलाला? काय शिकवणार?"

"की अंजीर दगडासारखं असतं."

पेशंटच्या तोंडात ठसा घ्यायची ती लगद्यासारखी पेस्ट आत्याने बाल्कनीत नेली, हलकेच अंजिराभोवती लावली आणि सवयीने त्याला म्हणाली, "दोन मिनिटं हलू नका." अंजीर हललं नाही. त्या ठशावरून तिने कवळीच्याच अ‍ॅक्रिलिकची तीन अंजिरं केली, मूळ फळाहून थोडी मोठी, जशी व्हायला हवीत तशी. रंगवायचं काम खारूचं. तिने असा काही जांभळा-काळा रंग चढवला की तिलाच तोंडाला पाणी सुटलं. चट्टासुद्धा काढला, तिन्हींवर.

"चट्टा कशाला गं?"

"खरं वाटायला नको का?"

तिन्ही अंजिरं बारीक तारेने फांद्यांना अडकवली आणि खऱ्याला जाळीची पिशवी बांधली. बुलबुलाने एका खोट्यावर चोच मारली, मान तिरकी केली, जरा वेळ अपमान गिळला आणि शेजारच्या बाल्कनीत राहायला गेला. तिकडे नुसता कोरफडीचा ठोंब होता, पण निदान फसवत तरी नव्हता.

हळूहळू खऱ्यालाही रंग चढला, तो भरला, आणि चारही सारखी दिसायला लागली. अशातच बुधवारी दुपारी जोराचा वारा सुटला, कुंडी आडवी झाली आणि पिशवी उडून पार कपड्यांच्या दोरीवर जाऊन बसली. खारू शाळेत होती. आत्या हातातला जबडा टाकून धावली, कुंडी उभी केली, चारही फळांकडे नीट बघितलं आणि त्यांतल्या सर्वांत सुंदर फळाला पिशवी बांधली.

रस्त्यापलीकडून खोटा दात ओळखणारी बाई. पण स्वतःच्या हातचं काम स्वतःला कधी खोटं वाटतं का?

गुरुवारी मोजलेले दिवस भरले. आत्याने पिशवीवरून फळ दाबलं. "घट्ट आहे." शुक्रवारी घट्ट. शनिवारी तसंच घट्ट.

"या वेळी घाई करायची नाही," आत्या म्हणाली. पण तिला घास जात नव्हता, हे खारूला दिसत होतं. तिसरा उन्हाळा संपल्याची म्हणून काकांनी कॅलेंडरवर गोल केलेली तारीख रविवारची होती.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. आत्याने बशी पुढे केली.

"बशी काय करायची? अंजीर झाडावरून सरळ तोंडात."

"काका, अजून जरासं घट्ट वाटतंय. दोन दिवस—"

"बाई, तारीख म्हणजे तारीख."

त्यांनी पिशवी सोडली, वाकले, डोळे मिटले आणि फळाचा कचकन चावा घेतला.

‘टक्’ असा आवाज झाला.

आत्याने आवाज लगेच ओळखला. अ‍ॅक्रिलिकवर अ‍ॅक्रिलिक, दोन्ही एकाच डब्यातलं. काका सरळ झाले तेव्हा वरची कवळी त्यांच्या तळहातावर होती, दोन तुकड्यांत. अंजिराला नुसता ओरखडा पडला होता.

काका काहीतरी बोलले. खारूला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण बिनदाताचं बोलणं हे आत्याचं रोजचंच काम.

"काय म्हणाले?"

"म्हणतायत, हे चावायला लागलं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा टेबलावरच्या प्लास्टरसारखा झाला होता. "कुंडी वर न्यायला मदत कर म्हणतायत."

चट्टे खारूनेच काढले होते ना, हौसेने, तिन्हींवर! तिने कुंडी उचलायला हात घातला आणि हाताला मुंग्या लागल्या. कुंडीच्या काठावरून, खोडावरून, मागच्या पानाआड त्यांची शिस्तीत रांग चालली होती.

"आत्या! मुंग्या खोट्याकडे जात नाहीत!"

पान बाजूला केलं. तिथे खरं अंजीर होतं. मान टाकलेलं, साल तडकलेली, बुडाशी मधासारखा एक थेंब. चार दिवस त्याच्याकडे कुणीही लक्ष दिलं नव्हतं, आणि त्याला नेमकं तेवढंच हवं होतं.

आत्याने फुंकर मारून मुंग्या उडवल्या, फळ तोडलं आणि बोटांनीच दोन भाग केले. सुरी लागलीच नाही.

"काका, दात नाहीत तुम्हाला. आ करा."

काकांनी आ केला. अर्धं अंजीर जिभेवर ठेवलं, तोंड मिटलं. काका छताकडे बघत राहिले. जबडा हलला नाही. खारू ‘पाणचट’ची वाट बघत होती. मग काकांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली.

ते हळूच काहीतरी बोलले.

"काय? काय म्हणाले?"

"म्हणतायत, गिळलं गेलं," आत्या म्हणाली. "थुंकायचं सुचलंच नाही म्हणतायत."

उरलेल्या अर्ध्याचे आत्याने दोन भाग केले. खारूचा घास वितळलेल्या गुळासारखा जिभेवर सरकला, बिया दाताखाली बारीक करकरल्या आणि तो संपलाच. इतक्या लवकर संपणाऱ्या गोष्टीला तीन उन्हाळे लागतात, यावर ती काही बोलणार होती, पण बोटं चाटायची राहिली होती.

काका पुन्हा बोलले, या वेळी बरंच.

"म्हणतायत, करार म्हणजे करार," आत्या म्हणाली. "जे चावायला लागलं ते वर जाईल. जे नाही लागलं ते खाली राहील."

आणि पाणचटकाकांनी तारेसकट ते खोटं अंजीर काढून शर्टाच्या खिशात घातलं.

"ते न्या खुशाल," आत्या म्हणाली, "पण आधी आत चला. ठसा घ्यायचाय." तिने त्यांना मागच्या खोलीत, जबड्यांच्या रांगेशेजारी बसवलं आणि पेस्टचा डबा उघडला.

"दोन मिनिटं हलू नका."

काका अंजिराइतके चांगले बसले नाहीत.