पाण्याच्या टाकीवरचा काकण

१९९४च्या जानेवारीत अप्पांना लखनौमध्ये काकण दिसला आणि आमच्या घरात संशय शिरला.

काकण म्हणजे समुद्री गरुड. पोट पांढरं, पंख राखी, समुद्रकाठ सहसा न सोडणारा. हर्णैला आमच्या घरामागच्या सुरूवर त्याचं घरटं होतं, तेव्हा माझे वडील त्याला ओळखायला चुकतील हे शक्य नव्हतं. पण मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत, पाण्याच्या टाकीवर? काहीतरीच!

मी मुळात संशयी. दूधवाल्या भैयाच्या मापावरसुद्धा माझा विश्वास नाही. आई गेल्यावर अप्पांना मीच इथे आणलं. मग ते तेलीबागच्या बाजारात वाट चुकले आणि त्यांना हर्णैला परत एकटं पाठवायचं की नाही, हा प्रश्न लोंबकळत राहिला. पुढच्या महिन्यात डॉक्टर तपासून सांगणार होते. त्यात हा काकण! एक तर यांना भास होतायत, नाही तर घरी जायचे बहाणे चाललेत, असं मी ठरवून टाकलं.

डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "उनकी बात काटिए मत, हाँ में हाँ मिलाते रहिए।"

आम्ही तेच धरलं. अप्पा गच्चीवरून बोट दाखवत आणि मी म्हणे, "हो हो, दिसला." रमाकांत, माझा नवरा, पेपरातून मानही वर न करता म्हणे, "अच्छा, हाँ, मस्त आहे!" अप्पा आमच्याकडे टक लावून बघत राहत. म्हाताऱ्या माणसाला तेवढंच समाधान, असं मला वाटे.

रविवारी धुकं विरल्यावर मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. टाकीच्या कठड्यावर तो बसला होता. घारीपेक्षा कितीतरी थोराड, डोकं आणि पोट पांढरंशुभ्र. उडाला तेव्हा पंख वर उचलून धरलेले, शेपूट आखूड, पाचरीसारखी. लहानपणी रोज बघितलेला काकण! अप्पांचं डोकं अगदी ठिकाणावर होतं.

मी धावत खाली गेले. अप्पा मटार सोलत बसले होते.

"अप्पा, काकण! मी आत्ता पाहिला, खरंच!"

"हो हो," अप्पा म्हणाले.

"तुमची शपथ! टाकीवर बसला होता."

"अनघा, परवा मी तुम्हा दोघांना मुद्दाम घार दाखवली. तुम्ही म्हणालात, काकणच आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "म्हणजे आधीही तुम्हाला काही दिसत नव्हतं. मन राखत होतात माझं. मग भास मलाच होत असणार."

मी त्यांना हाताला धरून वर नेलं. टाकी रिकामी होती. आम्ही ऊन तापेपर्यंत थांबलो, पण तो फिरकला नाही.

"रमाकांतना सांग," अप्पा जिना उतरताना म्हणाले, "हर्णैच्या घराला गिऱ्हाईक बघा. डॉक्टरांना विचारायची गरज नाही आता."

मला रडू कोसळलं. "अप्पा, एकदा तरी विश्वास ठेवा माझ्यावर!"

"ठेवला ना," ते म्हणाले. अगदी मी गेले पंधरा दिवस बोलत होते त्याच सुरात.