गयाबाईचा चहा

कुळगावात गयाबाईनं चहा प्यायला की लग्न ठरलं आणि कप बाजूला सारला की मोडलं, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. गेल्या वीस वर्षांत भावकीतली एकही मुलगी गयाबाईनं घर पाहिल्याशिवाय दिली गेली नव्हती. ती न कळवता जायची, आधी शेजारी पाणी मागायची, आणि मग चहा पुढ्यात आला की एकच प्रश्न विचारायची: सुनेच्या हातून दूध उतू गेलं तर या घरात काय होतं? उत्तर पटेपर्यंत कपाला हात नाही. तिचं स्वतःचं लग्न तीन वर्षांत आटोपलं होतं आणि ती माहेरी परत आली होती. ते कसं ठरलं होतं, हे मात्र तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

तेव्हा धाकट्या भावानं, रामभाऊंनी, आपल्या लेकीच्या शिक्षणाचं भिजत घोंगडंही तिच्याच हवाली केलं यात नवल नाही. स्वप्नालीला संख्याशास्त्रात एमएस्सी करायचं होतं. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर असलेल्या रामभाऊंच्या अटी दोन: वर्षाचा सगळा खर्च लाखाच्या आत, आणि आत्यानं जागा पाहून हो म्हणायला हवं. नाहीतर विठ्ठलवाडीच्या क्लासमध्ये आठवीच्या मुलांना गणित शिकवायचं. अर्जाची शेवटची तारीख शनिवार होती. स्वप्नालीनं मोबाईलवर डोळे फोडून तीन विद्यापीठांची यादी केली, ती आत्यानं न वाचताच पिशवीत टाकली. कागदावर सगळेच नवरदेव गोरे असतात, असं तिचं म्हणणं.

पहिल्या विद्यापीठाची इमारत काचेची होती. कोट घातलेल्या मुलीनं चहा दिला. पोरगी नापास झाली तर काय करता, असं आत्यानं विचारल्यावर तिनं हसतमुखानं पुनर्परीक्षेच्या फीचा तक्ता पुढे केला. कप सरकला. स्वप्नालीला वाईट वाटलं नाही, कारण तिथली फी ऐकून तिलाच घाम फुटला होता. दुसरं इतकं अवाढव्य की विभाग सापडेपर्यंत दुपार झाली. त्याच प्रश्नावर खिडकीतल्या माणसानं मान वर न करता पोर्टलवर तक्रार करायला सांगितलं. तिथं चहाच मिळाला नाही, त्यामुळे नाकारायचेही कष्ट पडले नाहीत.

उरलं तिसरं, घाट चढून गेल्यावर लागणारं; ना फार मोठं, ना फार लहान. शुक्रवारी दोघी तिथं पोचल्या. आत्यानं झेरॉक्सच्या दुकानात पाणी मागितलं आणि मुलं जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी रात्री आठपर्यंत दुकान बंद करू देत नाहीत, ही बातमी काढून घेतली. मेसमध्ये शिरून तिनं स्वतःच्या हातानं डाळीवरचं झाकण उघडलं. लायब्ररीतल्या खुर्च्या बसून बसून खचलेल्या पाहून ती नुसतीच हूं म्हणाली. फी मात्र होस्टेल आणि मेससकट बाहेर फळ्यावर लिहिलेली होती. स्वप्नालीनं दोनदा बेरीज केली. लाखाच्या आत, बरीच आत. आता तिला ही जागा इतकी हवीशी वाटू लागली की तिनं तिसऱ्यांदा बेरीज केली.

विभागप्रमुख भागीरथी मॅडमना हा पाहुणचार अनपेक्षित होता, तरी त्यांनी चहा मागवला. आत्यानं आपला प्रश्न टाकला.

"पहिल्या परीक्षेत निम्मी नापास होतात," मॅडम म्हणाल्या.

स्वप्नालीनं डोळे मिटले. असल्या उत्तरांवर आत्यानं भरल्या घरातून आपल्या माणसांना उठवून आणलं होतं.

"मंग?"

"मग रोज चार वाजता त्यांना माझ्यापुढं बसवते. मीही एकदा नापास झालेय."

आत्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. चारला वीस मिनिटं होती. तिनं पदर सावरला, हाताची घडी घातली आणि ती बसून राहिली. चहावर साय धरली. मॅडमनी दोनदा घ्या म्हटलं, स्वप्नालीनं खालून पायानं ढोसलं, पण आत्या ढिम्म हलली नाही. स्वप्नालीला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

चारच्या ठोक्याला सहा मुलं वह्या घेऊन आत आली. त्यांतल्या एकीचा चेहरा रडवेला होता. मॅडमनी तिला शेजारी ओढून घेतलं, तिची वही उघडली, आणि दहा मिनिटांत त्या पाहुण्यांना पार विसरून गेल्या. ती मुलगी एकदा चुकली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिचं तिलाच हसू आलं.

आत्यानं कप उचलला आणि सायीसकट गार चहा एका दमात संपवला.

बाहेर आल्यावर स्वप्नालीला रडू आवरेना. ती आत्याच्या गळ्यातच पडली. थोड्या वेळानं डोळे पुसत तिनं विचारलं, तो तसला थंडगार चहा आत्याच्या घशाखाली उतरला तरी कसा.

आत्यानं पिशवीतून यादी काढून तिच्या हातात दिली आणि अर्ज आजच भरायला सांगितला. मग चालू लागताना म्हणाली, "माज्या टायमाला बापाशीनं गरमच पिला व्हता."