पान एक्केचाळीस, दुसरा परिच्छेद

मुद्रितं तपासायचं काम आमच्या घरात दोघं मिळून करतो. मी छापील पान मोठ्यानं वाचते, बाबा हस्तलिखितावर बोट ठेवून ऐकतात. विरामचिन्हंही वाचायची. छापखान्यात चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं.

पान एकोणचाळीस.

पुस्तक सणांच्या इतिहासाचं. आलं तेव्हाच परत करायला हवं होतं.

(आई तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सकाळी गेली. प्रभूच्या जन्मदिवशी जिला बोलावणं येतं तिला दार उघडंच असतं, असं पाळक दफनाच्या वेळी म्हणाले. बाबा त्या एका वाक्यावर जगतात. भेटेल त्याला ऐकवतात, मीटर बघायला आलेल्यालासुद्धा.)

पान चाळीस.

घरात हिरव्या फांद्या बांधणं स्वल्पविराम दिवे लावणं स्वल्पविराम हे ख्रिस्ताच्या आधीपासूनचं पूर्णविराम.

बाबा हसले. फांद्यांना कसला आलाय धर्म, म्हणाले.

पान एक्केचाळीस.

नजर तोंडाच्या पुढे धावते, ही धंद्याची सवय. दुसरा परिच्छेद दिसला. पहिला संपवला, तिसरा धरला. आवाज हलू दिला नाही.

बोट थांबलं.

"अगं, भूक लागली असेल तर सांग. अख्खा परिच्छेद गिळलास."

छापायचाच राहिलाय, असं मी म्हटलं.

इथं चुकले. छापायचा राहिलेला मजकूर हस्तलिखित धरणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं समासात उतरवून घ्यायचा, ही रीत. निदान मी वाचला असता तर भरभर उरकला असता. आता ते वाचणार होते, माझ्या हाताला वेळ मिळावा म्हणून सावकाश.

"ख्रिस्ताचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे बायबलात कुठेच सांगितलेलं नाही पूर्णविराम. पंचवीस डिसेंबर हा सूर्याच्या जन्माचा सण होता स्वल्पविराम आणि चर्चनं बहुधा तोच दिवस"

थांबले.

"स्वल्पविराम?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"नाही. लिही. तोच दिवस प्रभूला दिला पूर्णविराम."

छापील परिच्छेदाच्या शेजारी, समासात, मी तोच परिच्छेद पुन्हा लिहिला. अक्षर न अक्षर.

मग म्हटलं, बाबा, नुसतं 'बहुधा' आहे ते. लेखक काही तिथं हजर नव्हता.

पाळकही नव्हता, म्हणाले.

पाळकांना विचारू, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

"म्हणजे ती नुसतीच गेली," ते म्हणाले. "गुरुवार होता."

पान बेचाळीस.

मी मुद्दाम दोन ओळी सोडल्या. त्यांनी पकडावं म्हणून. मग चार सोडल्या. बोट कागदावरून सरकत राहिलं, एका लयीत, खाली खाली. मी वाचायची थांबले तरी.